रेंज गेली तरी वाट सापडते

पालचे जंगल असो की शिरपूरकडील अनेरचा परिसर, सातपुड्यात आत शिरले की मोबाइलची रेंज जाते. रेंज गेली म्हणजे जीपीएसही गेले, हा समज मात्र चुकीचा आहे. जीपीएसचे संकेत सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांकडून थेट मिळतात. त्याला सिमकार्ड लागत नाही. अडते ते नकाशाचे. म्हणून त्या भागाचा नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्यावा.

मग स्वतंत्र जीपीएस यंत्र कशाला? खान्देशातला उन्हाळा हे त्याचे एक उत्तर. चाळिशीपार तापमानात फोन तापतो, स्क्रीन मंद होते, कधी फोन बंदही पडतो. रेंज शोधत राहिल्याने बॅटरी लवकर उतरते. फ्लाइट मोड लावल्यास ती टिकते आणि बहुतेक फोनमध्ये जीपीएस चालूच राहते. यंत्राची स्क्रीन भर उन्हात वाचता येते, अनेक यंत्रांत सेलही बदलता येतात. दिवसभराच्या फेरीला फोन आणि पॉवर बँक पुरेशी. मुक्कामी भटकंतीला यंत्र बरे.

पण साधे जीपीएस यंत्र मदत मागू शकत नाही. सर्पदंश किंवा उष्माघातात वेळ मोलाचा असतो. रेंज मिळताच १०८ वर जवळचे गाव आणि अक्षांश-रेखांश सांगावेत. दशांश चिन्हापुढे चार अंक सांगितले, तर जागा सुमारे ११ मीटरपर्यंत नेमकी कळते. निघण्यापूर्वी वाट आणि परतीची वेळ घरी सांगून ठेवावी. त्याला ना बॅटरी लागते, ना उपग्रह.