उतारवयातली स्मरणशक्ती (भाग ५) : थायरॉईड तपासले का?

मागच्या भागात ब-१२ जीवनसत्त्वाविषयी वाचलेत. आज थायरॉईड.

जळगावचा मे महिना, पारा पंचेचाळिशीला टेकलेला, आणि आजी म्हणते, ‘कूलर बंद करा रे, थंडी वाजते.’ घरचे हसण्यावारी नेतात. तिचे बोलणे संथ झालेले असते, आवाज घोगरा, पोट साफ नाही, दिवसभर पेंग. मग ती गॅसवर दूध विसरते आणि ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय मिटतो. तो तिथे मिटू देऊ नका.

थायरॉईडची संप्रेरके कमी पडली की मेंदूचे कामही मंदावते. लक्ष लागत नाही, उत्तर सुचायला वेळ लागतो, मन उदास राहते. देशातल्या आठ शहरांतल्या पाहणीत (२०१३) सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये थायरॉईडची कमतरता आढळली होती. म्हणून विस्मरणाच्या प्रत्येक रुग्णाची टीएसएच ही साधी रक्तचाचणी झालीच पाहिजे.

उलट बाजूही आहे. जुन्या धुळे जिल्ह्यातल्या सातपुड्याच्या पट्ट्यात आयोडीनअभावी गलगंड होत असे. आज सत्तरी ओलांडलेल्यांचे बालपण आयोडीनयुक्त मीठ सर्वत्र पोचण्याच्या आधीचे. अशा जुन्या गाठी उतारवयात कधी कधी गरजेपेक्षा जास्त संप्रेरक सोडू लागतात. तरुणांसारखी घाबराघुबरी म्हाताऱ्यांत दिसेलच असे नाही. माणूस नुसता खंगतो, गप्प होतो. हृदयाचे ठोके अनियमित होतात, त्यातून पक्षाघाताचा धोका वाढतो आणि त्याची झळ स्मरणशक्तीला बसते. गळ्याला जुनी गाठ असेल तर डॉक्टरांना आपणहून सांगा.

आता सावधगिरीची गोष्ट. थायरॉईड कमी पडले की टीएसएच वाढतो, पण वयाबरोबरही तो थोडा चढतोच. तो किंचित वाढलेला आणि टी-४ हे थायरॉईडचे संप्रेरक ठीक, अशा ६५ वर्षांवरील ७३७ जणांवर युरोपात झालेला ‘ट्रस्ट’ प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. थायरॉईड संप्रेरकाची गोळी घेणाऱ्यांना आणि औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांना वर्षभरानंतर सारखेच वाटत होते. थकवा उतरला नाही. त्यामुळे अहवालातला आकडा लाल दिसला म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणणे मला धोक्याचे वाटते. डोस जास्त झाला तर हाडे ठिसूळ होतात, हृदय बिघडते.

ज्यांना गोळी खरोखर लागते त्यांनी ती सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. दुधाचा चहा अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी. आपल्याकडे आणखी एक पथ्य पाळायला हवे. ही गोळी उष्णतेने आणि दमटपणाने निकामी होते. पत्र्याच्या खोलीत, खिडकीत, उन्हातल्या गाडीत बाटली ठेवू नका. घरातल्या गार, कोरड्या कपाटात ठेवा. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा.

गोळीने सुस्ती आणि मंदपणा बरेचदा ओसरतो. अल्झायमर मात्र त्याने बरा होत नाही, तसे आश्वासन कोणी दिले तर विश्वास ठेवू नका. पण आई-वडिलांच्या विसरण्याला वयाचे नाव देण्याआधी ही एक तपासणी करून घ्या. धुळे आणि जळगाव, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

पुढच्या भागात : कमी ऐकू येणे आणि स्मृती.