फोन कानाशी धरा

२०२० च्या साथीत अलगीकरण कक्षातून येणारे व्हिडिओ कॉल आठवून पाहा. पीपीई किटमधली सिस्टर प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला मोबाइल रुग्णासमोर धरायची. घरच्यांना कधी ऑक्सिजनचा मास्क दिसायचा, कधी छत, कधी नुसता हातमोजा. इकडून चार जण एकदम ओरडायचे, ‘‘बाबा, आम्ही दिसतोय का?’’ बाबा डोळे मिटून पडलेले. दोन मिनिटांत कॉल बंद, आणि मागे सल उरायचा, की त्यांना काही कळलंच नसेल.

कळलं का, हे छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. पण कानावर पडलेलं मेंदूपर्यंत पोचत असावं, याचा एक पुरावा त्याच वर्षी ‘सायंटिफिक रिपोर्ट्‌स’मध्ये छापून आला. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी व्हँकुव्हरमधल्या हॉस्पिसच्या रुग्णांना इलेक्ट्रोडची टोपी घालून मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवल्या. पाच-पाच सुरांचे गट ऐकवायचे आणि मध्येच एखाद्या गटाची ठेवण बदलायची. मेंदूने तो बदल टिपला, की आलेखात ठरावीक जागी उंचवटा उमटतो. मृत्यू काही तासांवर आलेल्या, हाकेला ओ न देणाऱ्या काही रुग्णांतही निरोगी तरुणांशी जुळणारे उंचवटे दिसले. रुग्ण मोजकेच होते, आणि सुरातला बदल टिपणं म्हणजे लेकीचा आवाज ओळखणं नव्हे. पण ‘कान शेवटी जातात’ असं म्हणणाऱ्या अनुभवी सिस्टरना हसण्याचं कारण आता उरलेलं नाही.

असं असताना आपला सगळा आटापिटा चित्रासाठी! नाकातोंडाशी जोराने वाहणाऱ्या ऑक्सिजनचा सूं-सूं आवाज फोनमधले निम्मे शब्द गिळतो. श्रवणयंत्र बहुधा उशाशी काढून ठेवलेलं असतं; ते आधी लावायला हवं. रुग्ण बोलण्याच्या स्थितीत असेल, तर दोन वाक्यांमध्ये मुद्दाम थांबावं. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. नेटवर्कने त्यात तेवढीच भर घातली, तरी माणसं एकमेकांच्या बोलण्यात घुसतात. थकलेला माणूस मग बोलणंच सोडून देतो.

कोविड कक्षात रुग्णांना मोबाइल वापरू द्यावेत, असं पत्र केंद्राने जुलै २०२० मध्ये राज्यांना पाठवलं होतं. साथ ओसरली, तरी आई इथे आणि मुलगा न्यू जर्सीत, अशी घरं आहेतच. तुमच्यावर अशी वेळ आली, तर सिस्टरना फोन कानाशी धरायला सांगा. एकानेच बोला, आधी आपलं नाव सांगा, घरी बोलता तसंच बोला. उत्तर आलं नाही म्हणून घाईने फोन ठेवू नका.