पावणेसहा सेंटीमीटरचा प्रवास

थोरली लेक आसामात, दुलियाजानला असते. "बाबा, विमानानं या, एका दिवसात पोचाल," म्हणाली. मी तीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस. तिकिटाआधी माळ्यावरचा पृथ्वीगोल काढला. कोल्हापूरवर टाचणी, लेकीच्या जवळच्या दिब्रुगडवर टाचणी, मध्ये दोरा ताणला. पावणेसहा सेंटीमीटर भरला. गोलाचा व्यास 30 सेंटीमीटर, म्हणजे घेर 94. पृथ्वीचा घेर 40,000 किलोमीटर. सेंटीमीटरला सव्वाचारशे धरले की अंतर निघतं 2,450 किलोमीटरच्या आसपास. गोलावर ताणलेला दोरा हाच जवळचा रस्ता. सपाट नकाशावरची पट्टी लांबच्या पल्ल्याला फसवते. माझा दोरा सोलापूरवरून गेला, रायपूर-रांचीला खेटून, बांगलादेशाचा उत्तर भाग ओलांडून आसामात उतरला.

जेट विमान ताशी आठशेनं जातं. जमिनीवरचं रांगणं, चढ-उतार धरून साडेतीन तास पुरेत. पण कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून दिब्रुगडच्या मोहनबारीला थेट विमान नाही, आणि रोज ते भरायला माणसं तरी कुठून आणायची? म्हणून गावोगावची माणसं मोठ्या विमानतळावर गोळा करायची आणि तिथून वाटायची, एसटीच्या मध्यवर्ती स्टँडसारखी.

मी हैदराबाद, कोलकाता करत गेलो. हैदराबाद 445 किलोमीटर, पुढे कोलकाता 1,200, पुढे दिब्रुगड 850. बेरीज 2,500! दोऱ्यापेक्षा जेमतेम पन्नास जास्त. दोनदा मांडून पाहिलं. आडवाट म्हणावी तर ती आडवाट नव्हतीच.

वेळ मात्र गेला बावीस तास. त्यात विमानात पावणेपाच, तेही हैदराबादपर्यंत ताशी पाचशेचं पंख्याचं एटीआर होतं म्हणून. बाकी सगळं थांबणं. कोलकात्याची रात्र खुर्चीत काढली, पायाशी पिशवी. कांदा-लसूण चटणी मोठ्या बॅगेत टाकली होती तरी शेजारचे गृहस्थ दोनदा सरकून बसले, का ते कळलं नाही. लेक खोटं बोलली नव्हती. बावीस तास म्हणजे एका दिवसाच्या आतच.

परतीला कोलकात्यापर्यंत वीसेक मिनिटं जास्त लागली. हिवाळ्यात उत्तर भारतावर, उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात. जाताना ते पाठीवर असतात, येताना तोंडावर.

डिसेंबर होता. दुलियाजानला पहिल्याच दिवशी साडेचारला चहाचा कप हातात आणि बाहेर अंधार. कोल्हापूर 74 रेखांशावर, दिब्रुगड 95; अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य तिथं 84 मिनिटं आधी माथ्यावर येतो, आणि डिसेंबरात उत्तरेला दिवस लहान म्हणून मावळतो त्याहूनही आधी. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. चहाच्या मळ्यांनी यावर आपला तोडगा काढलाय: तिथलं घड्याळ तासभर पुढे, त्याला बागान टाइम म्हणतात.

खुशाली कळवायला तेव्हाच कोल्हापूरला धाकट्या भावाला फोन लावला. म्हणाला, "रंकाळ्यावर फिरायला जायचंय, पण ऊन उतरू दे जरा."