हवंय तर खरं, पण सांगू कुणाला?

माझ्या मोबाइलमध्ये ‘किराणा’ नावाची एक नोट आहे. तिच्यात तूरडाळ, साखर असलं काही नाही. तिच्यात चौदा चित्रं आहेत. जुन्या मराठी मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांसाठी हाताने रंगवलेली मूळ चित्रं. मला हवी असलेली आणि अजून न मिळालेली.

नाव ‘किराणा’ अशासाठी, की कुणी चुकून फोन हातात घेतलाच तर पत्ता लागू नये. हसू नका! चित्रं, सिनेमाची पोस्टर्स, कॉमिक्सची मूळ पानं असलं काहीही जमवणाऱ्या माणसाला विचारा. प्रत्येकाकडे असा एक ‘किराणा’ असतोच. आणि प्रत्येकाला एकच प्रश्न छळत असतो. ही यादी चारचौघांत सांगावी, की पोटात ठेवावी?

मी दोन्ही करून पाहिलंय. एकदा जाम आपटले, एकदा लॉटरी लागली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी हे वेड काय, ते ऐका

दिवाळी अंकांची आपली परंपरा 1909 च्या ‘मनोरंजन’पासूनची. पुढे मुखपृष्ठ म्हटलं की दोन नावं घराघरांत पोचली. दीनानाथ दलाल (1916-1971) आणि रघुवीर मुळगावकर (1918-1976). दोघंही मूळचे गोव्याचे. दलालांनी तर 1945 मध्ये स्वतःचा ‘दीपावली’ अंकच सुरू केला. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने आर्ट गॅलरीचा उंबरठा ओलांडला नसेल, पण या मंडळींची चित्रं त्यांच्या घरात होती. कपाटात, भिंतीवर, कॅलेंडरवर.

आता गंमत बघा. छापील अंकाच्या हजारो प्रती निघायच्या. आज रद्दीवाल्याकडे चिकाटीने खेपा घातल्या की एखादी मिळते. पण ज्या चित्रावरून तो अंक छापला, ते चित्र एकच! ते ब्लॉकमेकरकडे जायचं, ब्लॉक तयार व्हायचे, छपाई व्हायची आणि चित्राचं काम संपायचं. मग कुणाच्या ड्रॉवरमध्ये, कुणाच्या माळ्यावर, नाहीतर थेट कचऱ्यात. मी शोधतेय ती ही एकुलती एक चित्रं. त्यात दलाल-मुळगावकर माझ्या खिशाबाहेरचे, हे प्रामाणिकपणे सांगते. माझ्या यादीत त्यांच्या काळातले कमी गाजलेले चित्रकार जास्त.

‘मॅडम, तिसरा नंबर ना?’

जुन्या वस्तूंच्या बाजारात एक चाचा आहेत. वर्षभर मी त्यांच्याकडे जात होते. चहा प्यायचे, इकडचंतिकडचं बोलायचे. त्यांच्याकडे एक मुखपृष्ठाचं चित्र होतं. पाण्याच्या घाटावर बसलेली नऊवारीतली बाई, हातात पणती. चाचा बारा हजार म्हणत होते, मी आठवर अडले होते. बोनस झाला की दहाला तुटेल, असा माझा हिशोब.

तेवढ्यात ऑफिसमधल्या एका मित्राने सल्ला दिला. ‘अगं, असं लपवून काय मिळणार? टाक की यादी ग्रुपवर. लोकांना कळलं तर लोक आणून देतील.’ पटलं. संग्राहकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी चौदाच्या चौदा नावं टाकली. अंक, साल, चित्राचं वर्णन, सगळं. वर तीन हात जोडलेल्या इमोजी.

पुढच्या शनिवारी चाचांनी चहा मागवला आणि गोड हसून म्हणाले, ‘मॅडम, यह आपकी लिस्ट में तीसरे नंबरवाली है ना?’

भाव पस्तीस हजार झाला होता. मी तोंड पाडून परत आले. महिन्याभरात त्याच ग्रुपमधल्या एकाने ते चित्र घेतलं. त्याला त्याआधी ते हवंही नव्हतं. माझी यादी वाचून हवंसं वाटलं, असं त्यानेच मला सांगितलं. वर ‘थँक्स!’ म्हणाला.

गप्प बसणाऱ्यांची बाजू

तेव्हा मला मुरलेल्या संग्राहकांचं मौन कळलं. ते दुकानात शिरतात, हव्या त्या वस्तूकडे ढुंकून बघत नाहीत, शेजारच्या फुलदाणीचा भाव विचारतात. यादी जाहीर करणं म्हणजे पत्ते उघडे टाकून रमी खेळणं. विकणाऱ्याला तुमची नड कळते, प्रतिस्पर्ध्याला तुमची दिशा कळते.

आणि तिसरी एक गोष्ट, जी भावापेक्षा वाईट. तुम्हाला काय हवंय हे कळलं, की ते कुणीतरी ‘तयार’ करू शकतं. हॉलंडचा किस्सा प्रसिद्ध आहे. अब्राहम ब्रेडियस हे तिथले मोठे कलापारखी. महान चित्रकार व्हर्मीर याने धार्मिक विषयांवर आणखी चित्रं काढली असणार, असं त्यांना वाटायचं आणि ते त्यांनी लपवलंही नव्हतं. हान व्हान मेगरेन नावाच्या चित्रकाराने नेमकं तसंच चित्र रंगवलं, जुनं दिसेल असं भाजून काढलं आणि 1937 मध्ये ते ब्रेडियसांपुढे आलं. म्हातारबुवा खूश! 1938 मध्ये रॉटरडॅमच्या बॉयमन्स म्युझियमसाठी ते सव्वापाच लाख गिल्डरच्या आसपास किमतीला घेतलं गेलं. खरं बाहेर आलं 1945 मध्ये, तेही मेगरेनने स्वतःच कबुली दिली तेव्हा. कारण त्याने केलेला दुसरा ‘व्हर्मीर’ नाझी नेता गोरिंगकडे सापडला होता आणि देशाचा ठेवा शत्रूला विकल्याच्या आरोपातून सुटायला ‘अहो, ते माझंच चित्र आहे’ हे सांगणं भाग होतं.

ब्रेडियसांनी काही यादी छापली नव्हती. नुसती इच्छा उघड झाली होती. तेवढं पुरलं.

झालं, मी ठरवलं. यादी डिलीट. पुन्हा ‘किराणा’.

पण टाकलेला मेसेज परत येत नाही

चारेक महिन्यांनी डोंबिवलीहून एका काकूंचा फोन आला. ‘ते जुन्या अंकांची चित्रं घेणाऱ्या तुम्हीच का?’ माझी यादी फॉरवर्ड होत होत त्यांच्या मुलाच्या फोनवर पोचली होती. काकूंचे वडील ब्लॉकमेकर. गिरगावातली चाळ रीडेव्हलपमेंटला गेलेली, खोली रिकामी करायची होती, माळ्यावर एक ट्रंक होती. रविवारी भंगारवाला येणार होता. फोन आला शुक्रवारी रात्री.

शनिवारी सकाळी मी गिरगावात. ट्रंकेत सव्वीस चित्रं होती. काहींना वाळवी लागलेली, काहींच्या कडा ओलीने फुगलेल्या. समासात निळ्या पेन्सिलीने छपाईच्या सूचना. ‘एवढं लहान करा’, ‘इथे नाव येईल’. माझ्या यादीतलं त्यात फक्त एक होतं. बाकीची पंचवीस यादीत नव्हती, कारण ती जगात उरली असतील हेच मला माहीत नव्हतं.

काकू म्हणाल्या, ‘अगं, याला कुणी पैसे देतं हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. तू काय ते ठरव.’

खरं सांगते, त्या क्षणी मनात पाप आलं. दोन हजारात सगळी ट्रंक मिळाली असती. पण त्यांच्या मुलाच्या फोनवर माझी यादी होती, तीन हात जोडलेल्या इमोजींसकट! ‘छे, मला काही विशेष नाही’ असा चेहरा करायची सोयच उरली नव्हती. मी त्यांना बाजारातले भाव सांगितले. मला परवडणारी पाच घेतली, दोन हप्त्यांत पैसे दिले. बाकीच्यांसाठी ग्रुपमधल्या तिघांना फोन केले. त्यात ते ‘थँक्स’वाले गृहस्थही होते.

गप्प राहण्याचा हा भाग आम्ही संग्राहक सहसा बोलत नाही. मौन फक्त प्रतिस्पर्ध्याविरुद्ध नसतं. ज्याला आपल्या घरातल्या वस्तूची किंमत माहीत नाही, त्याच्याविरुद्धही असतं.

हरवलेली पाच

जाहीर शोधाचा सगळ्यात सुंदर किस्सा न्यूयॉर्कचा. जेकब लॉरेन्स या कृष्णवर्णीय अमेरिकन चित्रकाराने 1954 ते 1956 मध्ये अमेरिकेच्या इतिहासावर ‘स्ट्रगल’ नावाची तीस चित्रांची मालिका केली. पुढे ती विखुरली. 2020 मध्ये ती मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये एकत्र मांडली, तेव्हा पाच चित्रांचा पत्ता नव्हता, आणि म्युझियमने ते लपवलं नाही. प्रदर्शन बघायला आलेल्या एका बाईंना शंका आली. शेजाऱ्यांकडे लॉरेन्सचं एक चित्र आहे, ते यातलंच तर नाही? तेच निघालं! शेजाऱ्यांनी ते 1960 मध्ये ख्रिसमसच्या एका मदतनिधी लिलावात किरकोळ रकमेला घेतलं होतं. ती बातमी वाचून, त्याच वस्तीत राहणाऱ्या एका नर्सला आपल्या घरातलं, सासूबाईंनी दिलेलं चित्र आठवलं. ते मालिकेतलं अठ्ठाविसावं. मार्च 2021 मध्ये तेही जाहीर झालं.

दोन्ही चित्रं सेंट्रल पार्कच्या पलीकडे, म्युझियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर. साठ वर्षं. कुणी काय हरवलंय ते सांगितलंच नसतं, तर अजूनही तिथेच असती.

मग यादी टाकायची की नाही?

माझा फंडा आता सोपा आहे. वस्तू कुठे आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर तोंड बंद ठेवा आणि तिच्या मालकाकडे जाऊन सरळ विचारा. वस्तू कुठे आहे याचा पत्ताच नसेल, तर गच्चीवरून ओरडा. कारण ती ज्याच्याकडे आहे, त्याला ती कुणाला हवीय हेच ठाऊक नसतं.

ओरडतानाही थोडी अक्कल वापरा:

- बजेट कधीच लिहू नका. पहिला, दुसरा, तिसरा नंबरही नको!
- ‘अमुक काळातली मुखपृष्ठं’ एवढं पुरे. सही कुठे असते, कागद कसला, हे ओळखीचे तपशील स्वतःपाशी ठेवा. खोटं पकडायला तेच कामी येतील.
- यादी विकणाऱ्यांच्या ग्रुपपेक्षा ज्यांच्या घरी ट्रंका असतात त्यांच्यापर्यंत पोचवा. सोसायटी, नातेवाईक, आईचं भजनी मंडळ.
- कुणी काही घेऊन आलं, तर भाव खरा सांगा. परवडत नसेल तर तेही सांगा.

‘किराणा’ नोटचं नाव मी बदललंय. आता ते सरळ ‘हवंय’ असं आहे. यादी पुन्हा टाकली, यावेळी बारा चित्रांची. चौदातलं एक काकूंच्या ट्रंकेतून घरी आलं, आणि माझ्या टेबलासमोर लटकलंय.

चौदाव्याबद्दल विचारू नका. ते कुठे आहे, मला कळलंय.