अवघड जागेचं दुखणं लपवू नका

‘अवघड जागी दुखणं आणि जावई वैद्य’ ही म्हण आपण हसत वापरतो. पण जननेंद्रियाजवळ फोड किंवा जखम झालेल्या बाईची अवस्था खरोखर तशीच असते. हडपसरसारख्या उपनगरात चालत जाण्याच्या अंतरावर दवाखाने असले, तरी अनेकींचा पहिला उपाय मेडिकलमधलं मलम हाच असतो. त्यात स्टेरॉइड असेल तर खाज तात्पुरती थांबते, पण संसर्ग आत वाढत राहतो आणि पुढे निदानही कठीण होतं.

प्रत्येक जखम ‘तसली’ नसते

केस काढताना झालेली इजा, केसांच्या मुळाशी आलेली पुळी, बुरशीमुळे खाजवून पडलेल्या चिरा, एखाद्या गोळीची ॲलर्जी, ही सगळी साधी कारणं आहेत. बुरशीचा त्रास वारंवार होत असेल, तर रक्तातली साखर तपासावी. योनीमुखाच्या एका बाजूला दुखरी गाठ आली, तर ती तिथल्या ग्रंथीची सूज असू शकते. उतारवयात महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमेचा तुकडा तपासून कॅन्सर नाही ना, याची खात्री करावी लागते.

लैंगिक संबंधांतून येणाऱ्या आजारांपैकी दोन महत्त्वाचे. हर्पिसमध्ये पाण्यासारखे बारीक फोड येतात, फुटतात आणि लघवीच्या वेळी आग होते. हा विषाणू शरीरातून पूर्ण जात नाही, पण गोळ्यांनी आटोक्यात राहतो. सिफिलिस म्हणजे उपदंश अधिक फसवा. त्याची जखम बहुधा एकच असते, दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरते. आजार मात्र रक्तात राहतो. गरोदरपणात त्यामुळे गर्भपात होऊ शकतो, बाळ दगावू शकतं. वेळेवर दिलेल्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनने तो बरा होतो.

लाज कुणी वाटून घ्यायची?

१९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांचा अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी केला. त्यांतल्या ३९१ जणी देहविक्रय करणाऱ्या नव्हत्या, तरीही त्यांच्यापैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली आढळली. जोडीदाराला असलेला लैंगिक आजार हा त्यांच्यासाठी मोठा धोका ठरला होता. म्हणजे एकनिष्ठ राहूनही आजार घरात येऊ शकतो. शिवाय उघड्या जखमेतून एचआयव्हीचा शिरकाव सोपा होतो. म्हणूनच जखम दिसली की एचआयव्ही आणि सिफिलिस या दोन्ही तपासण्या कराव्यात. अगदी सुरुवातीला त्या निगेटिव्ह येऊ शकतात, त्यामुळे डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा कराव्यात.

डॉक्टरांकडे जाताना

फोड ताजे असतानाच जा. त्याआधी त्यावर मलम, हळद किंवा जंतुनाशक लावू नका. कधी सुरू झालं, दुखतं का, पूर्वी झालं होतं का, पाळी चुकली आहे का, कोणती औषधं घेतली, हे सांगा. नवऱ्याला किंवा जोडीदारालाही असा त्रास आहे का, हेही सांगा. स्त्री डॉक्टर हव्यात किंवा तपासताना नर्स सोबत असावी, असं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. जखम भरेपर्यंत संबंध टाळा. संसर्ग लैंगिक असेल तर जोडीदाराचीही तपासणी आणि उपचार हवेत, नाहीतर आजार पुन्हा परततो.

गरोदर असाल, ताप किंवा ओटीपोटात दुखणं असेल, लघवी अडली असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञ, कुणाकडेही जाता येतं. ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात हे दोन्ही विभाग आहेत. सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक आजारांवर मोफत समुपदेशन आणि औषधं मिळतात, तर १०९७ या टोल-फ्री क्रमांकावर नाव न सांगता माहिती विचारता येते. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे.

तोंड आलं की आपण डॉक्टरांना जीभ दाखवतो. ही जखमही शरीराचीच आहे. ती तितक्याच सहज दाखवता आली पाहिजे.