मुलाच्या चालीने लोणार

उल्कापाताने झालेल्या लोणारच्या विवरात उतरणाऱ्या आईबापांचा बेत बहुधा घरीच ठरलेला असतो. काठावरून फोटो, खाली कमळजा देवीचे दर्शन, मग दुर्बीण काढून काठालगतचे पक्षी. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि तळ काठापासून शंभर मीटरहून बराच खाली, त्यामुळे हौशी माणसाचा अर्धा दिवस सहज जातो. लहान मूल मात्र वरच्या धारेपाशीच अडते. तिथे गोड्या पाण्याची धार बारमाही पडते आणि तिच्याखाली हात धरण्यापुढे त्याला ना उल्का दिसते, ना देऊळ. आईबापांचे निःस्वार्थ प्रेम पारखायचे तर ते याच जागी पारखावे, असे मला वाटते. प्रवासाचा खर्च, डबा, दुर्बीण हे सारे त्यांनी स्वतःच्या हौसेसाठीही केले असते. निव्वळ मुलासाठी सोडलेली गोष्ट एकच असते, ती म्हणजे आपला बेत.

बेत सोडल्याने हाती काही लागत नाही, असे समजू नये. धारेचे पाणी गोडे, आणि खाली तळाशी असलेल्या सरोवराचे खारट व तीव्र अल्कधर्मी. त्याचा सामू दहाच्या आसपास असतो. हळद लावून वाळवलेला कागदाचा कपटा सरोवराच्या पाण्यात बुडवला की तो लाल होतो, धारेच्या पाण्यात तसा होत नाही. ‘सामू’ हा शब्द न ऐकलेले मूलही मग विचारते, की एकाच खड्ड्यात दोन तऱ्हेचे पाणी कसे? आत आलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, ते उन्हाने आटते आणि क्षार मागे उरतात, एवढे उत्तर त्याला पुरते. ‘आम्हालाच यातले कळत नाही, मुलांना काय सांगणार?’ ही अडचण अनेकांना वाटते. पण लोणारचे वय एका मापनाने सुमारे ५२ हजार वर्षे निघाले, तर नंतरच्या दुसऱ्या मापनाने सुमारे पावणेसहा लाख. शास्त्रज्ञांच्या उत्तरांत जिथे दहापटींहून अधिक अंतर पडते, तिथे ‘मला माहीत नाही, आपण शोधू’ म्हणायला आईबापांनी कचरू नये.

आईबापांनाही आनंद होतोच, मग यात निःस्वार्थ ते काय, असे कोणी म्हणेल. आनंद होण्याने प्रेम उणे होत नाही. दोघांच्या इच्छा वेगळ्या झाल्या की कोणाची चालते, हे पाहावे. पक्षितज्ज्ञ सलीम अली लहानपणीच पोरके झाले आणि मुंबईत मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्याकडे वाढले. मामांना शिकारीचा नाद. त्यांनीच दिलेल्या छऱ्याच्या बंदुकीने भाच्याने गळ्यावर पिवळा डाग असलेली चिमणी टिपली आणि ही कोणती, असे विचारले. मामांना सांगता येईना. त्यांनी १९०८च्या सुमारास त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे धाडले. भाच्याचे कुतूहल आपल्या हौसेच्या पलीकडे निघाले आहे हे ओळखून त्यांनी त्याला जाणत्या माणसाच्या हाती दिले. आपल्याला जे आवडते तेच मुलाला आवडावे, ही ओढ फार जबर असते. ती सोडणे मला अर्ध्या दिवसाचा बेत सोडण्याहून कितीतरी अवघड वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मुलाच्या कलाने चालायचे म्हणजे त्याला मोकाट सोडायचे का? मुळीच नाही. उतार निसरडा असतो, काठचा चिखल फसवा असतो, आणि हे अभयारण्य आहे. २०२० मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जाही मिळाला. दगड खिशात घालायचा नाही, हळदीचा कपटा मागे टाकायचा नाही, यावर ठाम राहावेच लागते. वेग मुलाचा असला तरी मर्यादा आईबापांच्याच. उरतो आईबापांच्या स्वतःच्या छंदाचा प्रश्न. तो मारून टाकावा, असे मी म्हणणार नाही, कारण छंद सोडून कुढणाऱ्या माणसाबरोबर मुलालाही हिंडावेसे वाटत नाही. पक्ष्यांसाठी पहाटे एकट्याने वेगळी खेप करावी. मुलाबरोबरच्या खेपेत दुर्बीण त्याच्या हाती द्यावी, आणि त्याने ती मुंग्यांच्या रांगेवर रोखली तर रोखू द्यावी.