पोटातील मुरडा आणि औषधी वनस्पती

शिरोळ तालुका हा नद्यांचा प्रदेश होय. नृसिंहवाडी येथे पंचगंगा कृष्णेस मिळते. या पाण्यावर येथील काळ्या जमिनीत ऊस डोलतो. परंतु २००५, २०१९ व २०२१ या वर्षीं याच पाण्याने गावेच्या गावे वेढली होती. पूर ओसरल्यावर विहिरींचे पाणी दूषित होते आणि घरोघरी पोटाच्या तक्रारी सुरू होतात. अशा वेळी प्रथम हात जातो तो ओव्याच्या डब्याकडे. ओवा, बडीशेप, मुरुडशेंग ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची औषधे आहेत. ती पोटात नेमके काय करतात, आणि त्यांच्यावर केव्हा विसंबू नये, हे प्रत्येक शेतकऱ्याने व ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

मुरडा का येतो?

नांगर धरणाऱ्या हाताचे स्नायू आपल्या इच्छेप्रमाणे चालतात. आतड्याचे स्नायू तसे नाहीत. त्यांना अरेखित स्नायू म्हणतात. आतड्याच्या भिंतीत त्यांचे दोन थर असतात : आतील थर आडवा, वेढ्यासारखा, बाहेरील थर उभा. हे थर क्रमाने आकुंचन पावतात व सैल होतात आणि त्यायोगे अन्न पुढे सरकते.

स्नायू आकुंचन पावण्यास कॅल्शियम लागते. स्नायूच्या पेशीच्या आवरणात जणू बारीक दारे असतात. मज्जातंतूच्या टोकांतून ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य सुटले की ही दारे उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि स्नायू आवळला जातो. कॅल्शियम बाहेर टाकले गेले की तो सैल होतो. वायू, दूषित अन्न किंवा जंतूंचे विष यांमुळे आतडे चिडले म्हणजे हे आवळणे अतोनात वाढते. यालाच आपण मुरडा किंवा कळ म्हणतो.

वनस्पतींचे कार्य

१९०४ साली रुडॉल्फ मॅग्नुस या जर्मन शास्त्रज्ञाने असे दाखविले की, जनावराच्या आतड्याचा तुकडा कोमट क्षारजलात ठेवून त्यास प्राणवायू पुरविल्यास तो शरीराबाहेरही हालचाल करीत राहतो. त्या पाण्यात वनस्पतीचा अर्क घालावा आणि हालचाल मंदावते किंवा कसे ते पाहावे, ही परीक्षेची रीत तेव्हापासून रूढ आहे.

ओव्याचा अर्क सशाच्या आतड्यावर असा पाहिला असता आतडे सैल पडते, व त्याचे एक कारण कॅल्शियमची दारे मिटणे हे असल्याचे आढळले आहे. ओव्याचा उग्र वास मुख्यतः थायमॉल या द्रव्याचा असतो. पेपरमिंटच्या तेलातील मेंथॉलही ही दारे मिटविते. म्हणून आतड्यात विरघळणाऱ्या गोळ्यांतून ते तेल पोटदुखीवर देण्यात येते. आपल्या परसातील पुदिना मात्र बहुधा वेगळ्या जातीचा असून त्यात मेंथॉल अल्प असते.

ही द्रव्ये उडून जाणारी आहेत. म्हणून ओवा कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, आयत्या वेळी कुटावा, आणि काढा झाकण ठेवूनच करावा. उघड्या भांड्यात उकळल्यास गुण वाफेबरोबर निघून जातो.

धोतऱ्यापासून सावध

धोतऱ्यातील ॲट्रोपीन व तत्सम द्रव्ये मज्जातंतूचा निरोपच स्नायूपर्यंत पोहोचू देत नाहीत. जणू कुलपात खोटी किल्ली अडकून बसावी, तसे हे होते. शुद्ध ॲट्रोपीन डॉक्टर मोजून वापरतात. पण बियांतील त्याचे प्रमाण झाडागणिक बदलते. तोंड कोरडे पडणे, बाहुल्या विस्फारणे, लघवी अडणे, भ्रम होणे ही विषबाधेची लक्षणे असून मृत्यूही ओढवतो. धोतरा घरगुती औषधात कदापि वापरू नये.

ओव्याने काय साधत नाही?

ओवा कळ शमवितो. जंतू वा हगवणीतून गेलेले पाणी यांवर तो उपाय नव्हे. हगवणीत माणूस दगावतो तो शरीरातील पाणी व क्षार गेल्यामुळे. म्हणून जलसंजीवनीचे पाकीट प्रथम द्यावे. ते न मिळाल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे. मुलांना यासोबत आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने जस्ताच्या गोळ्याही द्याव्यात. सहा महिन्यांखालील बाळास मुरुडशेंग वा अन्य काही उगाळून देऊ नये. आईचे दूध चालू ठेवावे.

कळ बेंबीपासून सरकून उजवीकडे खाली स्थिरावली, पोट लाकडासारखे कठीण झाले, शौच व वायू दोन्ही बंद झाले, वारंवार उलटी झाली किंवा शौचात रक्त दिसले, तर काढा करीत न बसता रोग्यास तात्काळ दवाखान्यात न्यावे. वेदना थोडी कमी झाली म्हणून थांबणे अशा प्रसंगी घातक ठरते.

जनावरांबाबत

कोवळा लसूणघास अधिक खाल्ल्याने जनावराचे पोट फुगते, तेव्हा दुखणे निराळे असते. तेथे वायू ढेकरेवाटे बाहेर पडावयास हवा, आणि त्यासाठी पोटाची हालचाल चालू राहावयास हवी. ती थांबविणारे औषध दिल्यास अपाय होतो. म्हणून माणसाचे औषध जनावरास देऊ नये. पशुवैद्यकास त्वरित बोलवावे.

ओव्याचा डबा घरात जरूर असावा. त्याच्याशेजारी जलसंजीवनीची दोन पाकिटेही ठेवावीत, आणि पावसाळ्यापूर्वी ती आहेत की नाहीत हे कार्यकर्त्यांनी घरोघर पाहावे.